भिंगरी आणि उबदार कपाट

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी बूड टेकवणं तिला ठाऊकच नाही. आणि काम काय, तर सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींना लेसरनं भोकं पाडायची! लेसरचा झटका इतका क्षणिक, की पेशीला तापायलाही सवड मिळत नाही. भोकातून औषध आत जातं, भोक आपोआप बुजतं. पेशी खरंच जगली की नाही, हे मात्र दुसऱ्या दिवशीच कळतं. तोवर पेशींची काचेची बशी उबदार कपाटात ठेवायची.

इथंच तिचं घोडं अडायचं. "जरा बघते हं," म्हणत ती सारखी कपाट उघडायची. ऊब निघून जायची आणि आधीच जखमी झालेल्या पेशी गारठायच्या. दोन बश्या अशाच वाया गेल्या. साहेबांनी खापर लेसरवर फोडलं. शेजारच्या टेबलावर मी असतो, मला सगळं दिसत होतं. मी जाम उखडलो. "लेसरनं नाही, तुझ्या काळजीनं मेल्यात त्या!"

ती रडायलाच लागली. पेशी तिच्या भाचीच्या होत्या. पोरीच्या कातडीला जरा घासलं तरी फोड येतात; औषध त्यावरचंच होतं. आता एकच बशी उरली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या बशीवर लेसर मारून तिनं कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली थोरल्या बहिणीला, म्हणजे पोरीच्या आईला, नेऊन दिली. "ताई, उद्यापर्यंत मी पाया पडले तरी देऊ नकोस." मग दिवसभर नुसत्या येरझाऱ्या. बाटल्या धुतल्या, धुतलेल्या पुन्हा धुतल्या, बाहेर येऊन माझा चहाही पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतःच किल्ली घेऊन आली. भिंगरीनं बशीत रंग घातला. मेलेल्या पेशी त्यात लाल दिसतात. तिनं भिंगाला डोळा लावला. लाल ठिपके अगदी तुरळक होते.

"जगल्या गं ताई!"

दोघी गळ्यात पडल्या.

ताईनं डोळे पुसले. "मग सोमवारी आणू का तिला?"

भिंगरी माझ्याकडे बघायला लागली. मी मान फिरवली, भित्र्यासारखी. शेवटी तिनंच बहिणीचा हात धरला. "ताई, या नुसत्या बशीतल्या पेशी आहेत. माणसावर वापरायला अजून काही वर्षं तरी..."

"वर्षं?" ताई म्हणाली. "अगं, फोड भरता भरता तिची बोटं आत्ताच एकमेकांना चिकटायला लागलीत."