इंदूआत्याची चतुर्थी

“वन्सं, तुम्ही स्टेशनवर नाही आलात तरी चालेल हं. ऊन फार आहे.”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला तेव्हा मी मधल्या खोलीत होल्डॉलचे पट्टे आवळत होते. सोलापुरात ऊन कधी नसतं? आणि इंदूआत्या तर त्याच उन्हात मैदानावर उभी राहून मुलींना खो-खो शिकवायची. आतून पातेलं उतरवल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, “बरं की वहिनी. इथनंच टाटा करते. प्लॅटफॉर्मचं तिकीट वाचलं माझं.”

आई हसली नाही. मीही आत गेले नाही. पट्टा घट्ट बसला होता, तरी मी तो पुन्हा सोडला आणि पुन्हा आवळला.

आदल्या दिवशी माझं लग्न झालं होतं. सासरची मंडळी परस्पर स्टेशनवर जमणार होती आणि मला न्यायला माझा नवरा अरविंद टांगा घेऊन आला होता. आम्ही बसलो तेव्हा आत्या ओट्यावर उभी होती. पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शाळेची शिट्टी. टांगा गल्लीच्या वळणाशी पोचला आणि मागून एक लांबलचक शिट्टी आली. सामना सुरू करताना ती वाजवायची, तशीच. घोडा बिचकला.

“कोण गं हे?” अरविंदनं हसत विचारलं.

मी मान वळवली नाही. मांडीवरच्या पर्सची कडी उघडझाप करत राहिले.

माझ्या बरोबरीच्या पुष्कळ मुली कुणी लग्न होऊन, कुणी नोकरी लागून सोलापुराबाहेर गेल्या. कधी भेटलो की शेंगांची चटणी, कडक भाकरी, नवी पेठेतली दिवाळीची गर्दी असलं काहीबाही आठवून आम्ही हळव्या होतो. मीही होते. पण घर सोडलं तो दिवस म्हटला की मला पहिल्यांदा आठवतं ते आईचं वाक्य आणि ती शिट्टी. आणि आठवलं की कान तापतात.

आत्या बाबांची धाकटी बहीण. शाळेत असतानाच तिला मधुमेह झाला, तोही रोज इंजेक्शन घेतल्याशिवाय न भागणारा. मुलीची फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं होतं. ही गोष्ट आत्या स्वतःच रंगवून सांगायची. “ते डॉक्टर गेले, आमचे अण्णा गेले. मी आहे की हितंच!”

तिची सकाळ स्पिरिटच्या दिव्यापासून सुरू व्हायची. परीक्षानळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून ती नळी तापवायची. रंग निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, विटकरी होत गेला तर वाढलेली. निळा राहिला की ती जाहीर करायची, “आज माझं राज्य.” विटकरी झाला की, “आज विरोधी पक्षाचं.” मग छोट्या पातेल्यात काचेची सिरिंज उकळायची. उकळत्या पाण्यात काच भांड्याला लागून किणकिणायची, त्या आवाजानं मला जाग यायची. आमच्याकडे फ्रीज नव्हता. इन्शुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत, पितळी डबीत पुरून ठेवलेली असे. वाळू सुकू न देणं हे घरातल्या सगळ्यांचं काम होतं.

इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात तिनं जेवलंच पाहिजे. नाहीतर अंगातली साखर एकदम उतरते, घाम फुटतो, जीभ जड होते आणि तरीही पोटात काही गेलं नाही तर शुद्ध हरपते. आमच्याकडे घड्याळापेक्षा गिरणीचा भोंगा खरा. संध्याकाळचा भोंगा झाला की आत्या इंजेक्शन घेणार आणि आई पाट मांडणार. घरी पाहुणे असोत, आजारपण असो, पहिलं पान आत्याचं. शिवाय तिच्या पदराच्या टोकाला खडीसाखरेची गाठ मारलेली असायची. वेळ चुकलीच तर ती गाठ.

एवढं सगळं सांभाळून ती मैदानावर पळायची. विणकर साळ्यांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुली अनवाणी यायच्या. त्यांच्यावर ती ओरडायची, “पळ की गं! पाय कुणासाठी राखून ठेवतीस?” मी माझ्या कॉन्व्हेंटच्या गणवेशात, मांडीवर इंग्रजी पुस्तक घेऊन कडेला बसलेली असायची. माझ्याकडे बोट करून ती मुलींना म्हणायची, “ही आमची बेबी. बसलेला गडी. पाठीवर थाप पडल्याशिवाय उठायची नाही.” मुली हसायच्या. मीही हसायची, कारण ते खरं होतं.

नववीत केमिस्ट्रीच्या मिसनी तेच निळं द्रावण वर्गात तापवून दाखवलं. हे आधी कुणी पाहिलंय का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. अख्ख्या वर्गात ते फक्त मी पाहिलं होतं, रोज सकाळी, दात घासताना. मी बाकावरच्या शाईच्या डागाकडे बघत राहिले.

मला बघायला बडोद्याची मंडळी आली तो दिवस संकष्टीचा होता. सासूबाई गणपतीच्या भक्त. त्यांनी मुद्दाम बाप्पाचा दिवस निवडला होता. गाडीला उशीर झाला. भोंगा होऊन गेला होता, आत्यानं इंजेक्शन घेतलं होतं आणि ती पाटावर बसणार एवढ्यात दारात पाहुणे. त्या गडबडीत तिचं पान राहिलं. थोड्या वेळानं ती पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली आणि दाराच्या चौकटीशीच डुलली. कपाळावर घाम. बश्या एकमेकींवर वाजल्या.

“यांना काय होतंय?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही हो,” आई पटकन म्हणाली, “वन्सं संकष्टी करतात. निर्जळी. सकाळपासून पोटात काही नाही ना.”

“अगबाई! माझीही असते, पण मी आपली दूध-फळं घेते. निर्जळी नाही हो झेपत. केवढी ही निष्ठा!” असं म्हणून त्यांनी आत्याला हात जोडले.

घामेजलेल्या चेहऱ्यानं आत्यानं उलट नमस्कार केला, बश्या ठेवल्या आणि आत जाऊन पदराची गाठ सोडली. बाबा खिडकीबाहेर बघत होते, मी माझ्या निऱ्यांकडे. पाहुणे गेल्यावर आई कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, “घराण्यात रोग आहे म्हटल्यावर पोरीला कोण करून घेणार?” आणि आत्या म्हणाली, “खरंय की. पण वहिनी, एवढं पुण्य मला पचेल का?”

लग्न जमलं. त्यानंतर लग्नाच्या गर्दीत, स्टेशनवर, आत्याला पुन्हा घेरी येऊ नये, आली तर ती त्यांच्या डोळ्यांसमोर येऊ नये, एवढीच आईची काळजी. ऊन फार होतं ते यासाठी.

बडोद्याला मी रुळले. सगळे म्हणतात तसं, सहज रुळले. कमी बोलणारी सून कुठेही मावते. शेजारच्या बेनना निरोप देताना ‘आवजो’ म्हणायला शिकले, गोड दाळ खायला शिकले. घरात फ्रीज होता. उन्हाळ्यात त्याचं दार उघडलं की मला माठाखालची ओली वाळू आठवायची. इथे भोंगा नव्हता. सातला काय होतं, साडेसातला काय होतं, हे सांगणारं काहीच नव्हतं, आणि तरी सात वाजले की माझे हात पान वाढण्यासाठी शिवशिवायचे.

सासूबाई प्रेमळ. दर चतुर्थीला समई लावताना म्हणायच्या, “तुझ्या आत्यांसारखी श्रद्धा मी पाहिली नाही बाई.” मी पोळपाटावर वाकून पोळी जरा जास्तच जोरात लाटायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात आत्याचं कार्ड आलं. खेळाच्या शिक्षकांचं शिबिर बडोद्यात भरणार होतं. एका संध्याकाळी जेवायला येते म्हणाली. ‘साडेसातला पान वाढ. बाकी तुला ठाऊक.’ मी दिवस कळवला. माझ्या शाळेनं मला रविवार आणि परीक्षा एवढंच कॅलेंडर शिकवलं होतं. त्या दिवशी तिथी कोणती ते बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आत्या आली. वाळली होती. चष्म्याची काच जाड झाली होती, पण शिट्टी गळ्यात होतीच. खांद्याला थर्मास. “काय गं बेबी, गुजरात मानवलं की तुला!” म्हणून तिनं माझा गाल ओढला. मग पिशवी आणि थर्मास घेऊन न्हाणीघरात गेली. मी घड्याळ पाहिलं. सात. ती बाहेर आली तेव्हा वाटेत फ्रीज होता, अगदी हाताशी. ती त्याच्यावरून पुढे गेली आणि बर्फात बाटली ठेवलेला तो थर्मास तिनं बाकाखाली, भिंतीकडे सरकवून ठेवला. मंडळी मला बघायला आली त्या दिवशी आईनं जे ठरवलं होतं, ते ती एवढ्या लांबून येऊनही पाळत होती. माझ्यासाठी.

मी कुकर उतरवत होते तेवढ्यात सासूबाई सोवळ्याचं नेसून बाहेर आल्या. चेहरा फुललेला.

“बघा इंदूताई, योग कसा! आजही चतुर्थीच. सूनबाई विसरली, मी नाही विसरले. तुम्हाला मी पाणीसुद्धा विचारत नाही. चंद्रोदय पावणेदहाला आहे. तोवर दोघी मिळून आवर्तनं करू.”

माझ्या हातातली सांडशी तशीच राहिली.

“वा, बरं झालं की आठवण ठेवलीत,” आत्या म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून पाहिलं नाही.

त्या देवासमोर बसल्या. साडेसात झाले. अरविंद बाहेर पेपर वाचत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात रिकामं ताट घेऊन उभी होते. सासूबाईंचे डोळे मिटलेले, आवाज स्वच्छ. त्यामागून येणारा आत्याचा आवाज आधी बरोबर होता, मग अर्ध्या शब्दानं मागे पडला. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले. डाव्या मुठीत पदराची गाठ आवळलेली होती. निर्जळी उपास असलेल्या बाईनं देवासमोर तोंडात साखर टाकायची कशी?

“आत्या, जरा आत येतेस?” मी म्हणाले. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

“अगं, मधेच उठवू नकोस त्यांना,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

“बस... होतंय की,” आत्या म्हणाली. जीभ जड झाली होती. मांडीवर ताल धरणारा तिचा हात मांडी चुकून जमिनीवर पडला.

मला पुढचं सगळं ठाऊक होतं. त्या घरात ते फक्त मलाच ठाऊक होतं. आणि तरी मी वाट बघत होते, आत्याच सांगेल, अरविंद आत येईल, सासूबाई डोळे उघडतील. पाठीवर थाप मारायला कुणी नव्हतं.

पुढे काय झालं ते आधी सांगते. आत्या उठून बसली, जेवली. तिला भात कालवून सासूबाईंनी स्वतः भरवला, स्वतःचा उपास तसाच ठेवून. नंतर त्या मला म्हणाल्या, “माझ्या बाप्पासमोर माझ्या हातून मेल्या असत्या त्या. आणि तू दारात ताट धरून उभी!” रोगाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. माझ्याशी मात्र दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. सकाळी फ्रीज उघडला तर दारातली लोणच्याची बरणी काढून त्यांनी तिथे एक रिकामी वाटी ठेवली होती, इन्शुलिनच्या बाटलीसाठी. शिबिर संपेपर्यंत आत्या रोज संध्याकाळी सातला यायची. जाताना स्टेशनवर म्हणाली, “बेबी, उशिरा उठलीस. पण उठलीस की.”

घर म्हणजे काय, हे दूर गेलेल्या बायका एकमेकींना विचारत असतात. मला सोलापूरच्या घराची आठवण येते तेव्हा एकाच आईतल्या दोघी एकदम दिसतात: चारचौघांत आत्याला लपवणारी आणि रोज भोंग्याला, एक दिवसही न चुकता, पहिलं पान तिचं मांडणारी. पहिलीची लाज वाटते तेव्हा मला आठवावं लागतं की मी आईकडून लपवणंच काय ते उचललं होतं. आपली वेळ जिथं कुणाला तरी ठाऊक असते, ते घर. बडोद्याचं घर माझं झालं ते लग्नानं नाही, गृहप्रवेशाच्या मापानंही नाही. ते झालं त्या संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या दारातून माझा आवाज पहिल्यांदा देवघरातल्या सासूबाईंपर्यंत पोचला तेव्हा.

“आई, थांबा! आत्याला उपास नाही. कधीच नव्हता. तिला मधुमेह आहे. तिच्या पदराच्या गाठीत साखर आहे, ती आधी सोडा. मी पान वाढते.”