एका गुणाचा ग्रह

"मोजलंय कोणी?" असं म्हणून बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि समोरच्याकडे बघत राहायच्या. शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणालं, यंदा थंडी जास्त आहे, की हा प्रश्न. कोणी म्हणालं, मुलींना गणित जमत नाही, की हाच प्रश्न, फक्त आवाज चढा.

नाशिकच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि त्या विज्ञान. कळवणच्या शेतकरी घरातल्या, शहरात एकट्या राहणाऱ्या. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल. बैठकीत त्यानं तोंड उघडलं की बाकीचे घड्याळाकडे बघतात.

पंच्याण्णव साली पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. महाश्व तारकासमूहात, आपल्या सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती ग्रह सापडला होता. चार दिवसांत फेरी पूर्ण करणारा. बाईंनी बातमी कापून फळ्याशेजारी चिकटवली आणि सातवीचा अख्खा तास तिच्यावर घेतला.

वार्षिक परीक्षेचा पेपर दुसऱ्या शिक्षकांनी काढला होता. त्यात विधान होतं, 'ग्रह फक्त सूर्याभोवतीच फिरतात.' चूक की बरोबर? पुस्तकाप्रमाणे बरोबर. वर्गानं निमूटपणे तसंच लिहिलं. एका मुलीनं लिहिलं, चूक. बाईंनी तिला गुण दिला.

मुख्याध्यापकांनी तो कापायला सांगितला. माणूस वाईट नव्हता, पालकांना घाबरायचा. बाईंनी नकार दिल्यावर त्यांनी लेखी खुलासा मागितला. बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं: 'मी गुण कापला तरी तो ग्रह फिरायचा थांबणार नाही.'

मग पुस्तकातलं उत्तरच ग्राह्य धरावं, अशा अर्थाचा कागद शिक्षकांमध्ये फिरला. मी सही केली. करून वर बाईंना समजवायला गेलो, की एका गुणासाठी एवढं कशाला ताणायचं.

"सर, तिनं खरं लिहिलं," त्या म्हणाल्या. "त्यावर मी लाल रेघ मारली, तर पुढे ती कधी खरं लिहील का?"

सहीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, त्यामुळे मी जास्तच ओशाळलो.

गुण राहिला. जूनमध्ये बाईंचं विज्ञान काढून त्यांना शिवणकाम देण्यात आलं. त्यांनी सुई-दोरा हातात घेतला, तक्रार केली नाही.

चारेक वर्षांनी मी त्यांच्या वर्गावरून जात होतो. खिडक्यांना पडदे, आत एक दिवा पेटलेला. बाईंनी दोऱ्यात मणी ओवून तो दिव्यासमोरून हळूच सरकवला. फोटो स्टुडिओतून मागून आणलेलं प्रकाश मोजायचं यंत्र समोर होतं. मणी आडवा आला की त्याचा काटा जरासा खाली यायचा. अशाच अंधुक होण्यावरून महाश्वातल्याच दुसऱ्या एका ताऱ्याचा ग्रह नुकताच ओळखला गेला होता. बाहेर मुख्याध्यापकही उभे होते. आत जाऊन त्यांनी विचारलं, हे कसलं शिवणकाम?

"मणी ओवतोय," बाई म्हणाल्या. मुली खाली मान घालून हसल्या. मुख्याध्यापक थोडा वेळ काट्याकडे बघत राहिले आणि बाहेर पडले.

निवृत्त झाल्यावर बाई कळवणला भावाच्या मळ्यात राहायला गेल्या. तिथं गच्चीवर दुर्बीण बसवली, तिला कॅमेरा जोडला. महाश्वातला तोच अंधुक होणारा तारा त्यांना स्वतः मोजायचा होता. पहिली दोन वर्षं आकड्यांचा मेळच बसेना. तेवढ्यात काचबिंदूनं नजर जायला लागली. मी भेटायला गेलो तेव्हा भाचेसून संगणकावरचे आकडे वाचत होती आणि बाई ऐकून मनात आलेख काढत होत्या. मी म्हणालो, आता पुरे करा, डोळ्यांना जपा.

"तो ग्रह कोणालाच दिसत नाही, सर. मग मलाच कशाला दिसायला हवा?"

त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. मळ्यावर गेलो तर भाचेसुनेनं वही आणून दिली. तिनं सांगितलं की आत्याबाईंना शेवटपर्यंत हवा तसा आलेख मिळाला नाय, लय जीव लावला होता. मी पानं उलटली. बाईंच्या वाकड्या होत गेलेल्या अक्षरानंतर तिचं गोल, बाळबोध अक्षर सुरू होत होतं. तारखा मी बघितल्या. बाई गेल्यानंतरच्याही होत्या. शेवटची नोंद मी पोचलो त्याच्या आदल्या दिवशीची होती: 'ढग. उद्या परत.'