शब्द नेणारा मामा

जपानमधल्या ओजिमात आमच्या खालच्या मजल्यावर एक जपानी आजी राहतात. माझी मुलगी धावली की त्या काठीने छत ठोकायच्या. एका रविवारी माझं डोकंच फिरलं. जाब विचारायला मी चपला घातल्या, तर जेवायला आलेली लॅबमधली मैत्रीण दारात आडवी आली. ती कोलंबियातल्या वायू नावाच्या आदिवासी समाजातली.

"आमच्यात भांडायला स्वतः जात नाहीत," ती म्हणाली. "शब्द नेणारा माणूस पाठवतात. तो आपलं सांगतो, त्यांचं ऐकून येतो. बहुतेक वेळा तो कुणाचातरी मामाच असतो."

मामा घरातच होता. जवळच्याच ग्योतोकुहून आलेला माझा भाऊ श्रीखंड चाटत बसला होता. त्याचं जपानी चांगलं आहे. कुरकुरत गेला आणि तासभर आलाच नाही. मी चपला घालूनच दारात उभी राहिले.

शेवटी तो बिस्किटांचा पुडा घेऊन परतला.

"दुपारी त्या झोपतात, तेवढं सांभाळा म्हणाल्या. एरवी पळू दे पोरीला."

"एवढंच? मग मला येऊन सांगायचं ना!"

"तुझी भीती वाटते म्हणाल्या."

तेव्हा कुठे मी पायातल्या चपला काढल्या.