अनिताच्या रॅमची धाव

पणदऱ्याच्या चौकात अनिता कोकरे फ्लेक्सची डिझाइनं करून द्यायची. लग्नाचा वीस फुटी फ्लेक्स उघडला, की तिचा जुना कॉम्प्युटर आचके द्यायचा. तोच पळवून दाखवायचा, असं तिनं मनावर घेतलं. व्हिडिओ बघत, चुकत, मशीन बंद पाडत ती ओव्हरक्लॉकिंग शिकली. म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढं नेणं.

अशात इंदापूरच्या एका कॉलेजात स्पर्धा निघाली. आपलं मशीन आणायचं, त्याच्या रॅमचा वेग जमेल तितका वाढवायचा आणि त्या वेगावर चाचणी पार पाडायची. अनितानं नाव दिलं.

"मी बी येते," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव साखरबाई. "त्ये डबडं तापतंय. पंखा कोण धरील?"

हॉलमध्ये बहुतेक कॉलेजची पोरं. अनितानं मशीनचं झाकण काढलं, साखरबाईंनी टेबलफॅन त्याच्यावर रोखला. रॅम तेराशे मेगाहर्ट्झवरून पंधराशेवर गेली. त्यापुढं मात्र वेग वाढवला, की पडदा काळाठिक्कर. दोनदा, तीनदा तेच. तिकडं विराज नावाच्या विद्यार्थ्यानं सोळाशे गाठले होते.

"काय झालं गं?"

"आत्याबाई, प्रोसेसर आन् रॅम एकाच ठोक्यावर चालत्यात. ठोका वाढवला की दोघं बी पळत्यात. रॅममधी अजून दम हाय, पण प्रोसेसर धापा टाकतोय."

"मग त्याला जरा दमानं चालू दे की! शर्यत रॅमचीच हाय न्हवं?"

अनितानं लगेच कीबोर्ड पुढं ओढला. एवढे महिने तिनं प्रोसेसर पळवण्याचाच ध्यास घेतला होता. त्याला मुद्दाम मागं ओढायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एका ठोक्याला प्रोसेसरनं किती फेऱ्या मारायच्या, तो आकडा सेटिंगमध्येच होता. वीस होता, तिनं सोळा केला. मग ठोका वाढवत नेला. दीडशे, एकशे साठ, एकशे सत्तर. प्रोसेसर जवळजवळ आपल्या मूळ चालीवर राहिला आणि रॅम ठोक्याच्या दहापट, सतराशेवर गेली!

पहिल्या चाचणीत चूक निघाली. अनिता घाबरली नाही. रॅमला दोन कामांमध्ये श्वास घ्यायला किंचित जास्त वेळ दिला आणि चाचणी पुन्हा लावली. हिरवी पट्टी सरकू लागली. साखरबाईंचा हात भरून आला, तरी पंखा हलला नाही. पट्टी शेवटाला टेकली.

"सतराशे, चाचणी पास!" परीक्षक दीप्ती मॅडमनी जाहीर केलं. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या विराजनं. तो धावतच आला. "ताई, प्रोसेसर खाली आणलात? मी वरच ढकलत बसलो!"

"ही आयडिया माझ्या सासूबाईंची," अनिता म्हणाली आणि पहिल्या नंबरची ढाल घ्यायला त्यांनाही हाताला धरून स्टेजवर घेऊन गेली. साखरबाईंनी ढाल पदरानं पुसून छातीशी धरली.

बारामतीच्या एसटीत बसल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. ढाल मांडीवर उभी धरून त्यांनी कंडक्टरला हाक मारली, "ओ मास्तर, तिकीट मागून फाडा. आदी हितं बघा, माझ्या सुनंनं काय आणलंय!"