दिवाळीनंतरचे धडे

माझ्या दाजींइतकं अर्धवट शिक्षण इतक्या पूर्णपणे घेतलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, वाळूजच्या एका कारखान्यात वेल्डर. लहानपणी त्यांचं घर मेंढरांवर चालायचं. गंगापूरकडच्या त्यांच्या गावी जूनमध्ये शाळा सुरू झाली की दाजी वर्गात असायचे, आणि दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड मेंढरांमागं गोदाकाठानं खाली उतरायचं, ते मृगाच्या तोंडाशी परत यायचं. गुरुजी दयाळू होते, ते दर साली दाजींना पुढच्या वर्गात ढकलून द्यायचे. त्यामुळे आठवीपर्यंतच्या प्रत्येक पुस्तकाचा पहिला अर्धा भाग दाजींना आजही तोंडपाठ आहे आणि दुसऱ्या अर्ध्या भागाचा त्यांना वाराही लागलेला नव्हता. त्यांच्या विज्ञानात घास अन्ननलिकेतून खाली उतरायचा, जठरात पोचायचा आणि तिथंच थांबायचा. त्याचं पुढं काय होतं हे त्यांना पोर शाळेत जाईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रज व्यापाराला आले हे त्यांनी वर्गात बसून ऐकलं होतं, ते परत गेले हे मात्र त्यांना पंधरा ऑगस्टच्या झेंड्यावरून ताडावं लागलं.

असा माणूस दुसऱ्या कुणाचा मेहुणा असता तर मला त्याचं कौतुकच वाटलं असतं. पण मी शिक्षक आहे. दिवसभर वर्गात घसा फोडून, मधल्या सुट्टीत वरून मागवलेल्या माहित्या भरून, रविवारी कसलं तरी सर्वेक्षण करून मी घरी टेकतो, तेव्हा शाळा हा शब्द कानावर पडू नये एवढीच माझी देवाकडं मागणी असते. ती मागणी देवानं कधी मनावर घेतली नाही, कारण अक्काचं घर आमच्याच गल्लीत आहे, आणि माझ्या भाच्याला शहरातल्या कॅथलिक फादर चालवतात त्या मुलांच्या शाळेत पाचवीला प्रवेश मिळाला. प्रवेश भाच्याला मिळाला, पण शाळेत गेले दाजी. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मास्तर, आता भैय्या शिकंल तसं मी शिकंल. पहिलं सत्र येतंय मला. दिवाळीनंतरचं तेवढं राहिलंय."

तेव्हापासून त्यांच्या घरी रोज संध्याकाळी शाळा भरू लागली. दाजी कंपनीच्या बसमधून उतरायचे, हातपाय धुवायचे, भाच्याला खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः खाली चटईवर मांडी घालून विचारायचे, "हां, आज काय शिकवलं?" पोरगं इंग्रजीतलं वाचायचं आणि मराठीत सांगायचं. नियम एकच होता, धडा मध्येच सोडायचा नाही. लाईट गेली तरी नाही, पाव्हणे आले तरी नाही. पाव्हणे म्हणजे बहुतेक वेळा मीच असायचो. भाचा अडला की दाजी माझ्याकडं बघायचे, आणि मग मी, दिवसभर जे बोलून थकलो तेच पुन्हा बोलायचो. कारखान्यात त्यांच्या शिफ्टचं सगळं गणित या शाळेवर बेतलेलं होतं. भाचा आठवीत असेपर्यंत जून ते दिवाळी दाजी कुणाचीही दुपारची शिफ्ट हसत घ्यायचे, स्वतःची दिवाळीची सुट्टीही दुसऱ्याला देऊन टाकायचे. पण दिवाळी झाली की दाजींना दुपारची शिफ्ट घ्या म्हणायची कुणाची हिंमत नसे. संध्याकाळ ही त्यांची दुसऱ्या सत्राची वेळ होती. सुपरवायझरनं एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "साहेब, दशांश अपूर्णांक चालू हायेत."

प्रत्येक विषयाशी त्यांचं वेगळं नातं जमलं. हिंदी त्यांना आपल्या गावातल्या दखनी बोलीपुढं फार मिळमिळीत वाटायची. शारीरिक शिक्षणात पोरांना कवायत शिकवतात हे कळल्यावर मात्र हिरमुसले, म्हणाले, "हात वर, हात खाली. ह्यात दिवाळीनंतर काय नवीन येणार?" भाचा नववीत गेला तेव्हा 'जलसुरक्षा' नावाचा एक विषयच आला. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून कधी येईल ते महापालिकेलाही सांगता येत नाही. पाणी साठवण्याचा धडा चालू असतानाच नळाला पाणी आलं आणि दाजी, अक्का, भाचा, मी असे सगळेच हंडे, बादल्या, टाक्या घेऊन धावलो. परत चटईवर बसताना दाजी घाम पुसत म्हणाले, "प्रात्यक्षिक झालं. आता लेखी घ्या." दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील असे दोनच देश शेजारी शेजारी ठेवून शिकवतात, तर दाजींनी ब्राझीलशी सोयरीकच जुळवली. सिल्लोडला एका लग्नात मक्याच्या भावावरून माणसं हमरीतुमरीवर आली, तेव्हा दाजींनी मध्ये पडून ब्राझीलचा पाऊस, ब्राझीलची जंगलं आणि ब्राझीलची शेती अशी समजूत घातली की भांडणारे दोघेही जेवायला निघून गेले.

पण त्यांना खरं भारून टाकलं ते आठवीच्या विज्ञानातल्या अगदी शेवटच्या धड्यानं. तारे कसे जन्मतात, कसे म्हातारे होतात, कसे विझतात, असा तो धडा. भाचा सांगत होता आणि दाजी कधी नव्हे ते गप्प बसून ऐकत होते. धडा संपल्यावर म्हणाले, "मेंढरामागं असताना रोज उघड्यावर झोपायचो मी. रोज वर बघायचो. आन हे सगळं तवा वर्गात सांगत होते व्हय?" अक्कानं आतून ताटं घेतल्याचं सांगितलं.

फादरांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण त्या दिवशी दाजींनी मलाही रजा टाकायला लावली होती. त्या शाळेत एका तासाला वर्ग दोन ठिकाणी बसतो. कॅथलिक मुलं त्यांच्या धर्मशिक्षणाला चॅपलशेजारच्या खोलीत जातात आणि बाकीची मुलं वर्गातच नीतिशिक्षण घेतात. भाचा पाचवीत असताना हे त्यानं सहज घरी सांगितलं आणि दाजी चटईवरून उठलेच. अर्ध्या पुस्तकाचं दुःख सोसलेल्या त्या माणसाला वाटलं, आपल्या पोरालाही आता कुणीतरी अर्धंच वाढतंय. दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्याध्यापक फादरांसमोर. वसईकडचे, वयस्कर, माझ्याइतकेच थकलेले दिसणारे फादर होते ते. दाजी म्हणाले, "फादर, वर्ग एक, गणवेश एक. मग आमच्या पोराला एक विषय कमी का?"

फादरांना आधी कळेना. कळल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, आजवर पालक आले ते आमच्या मुलाला तो विषय शिकवत तर नाही ना, हे विचारायला. का शिकवत नाही म्हणून आलेले तुम्ही पहिलेच."

"आपल्याला अर्धं काहीच नको बघा," दाजी म्हणाले.

मी खालमानेनं बसलो होतो. फादर काय समजावावं याचा विचार करत होते, तेवढ्यात दाजींची नजर भिंतीवरच्या तसबिरीवर गेली. लांब झग्यातला एक दाढीवाला, खांद्यावर मेंढीचं कोकरू घेतलेला. "हे कोण?" त्यांनी विचारलं. फादर म्हणाले, "येशू. मेंढपाळाच्या रूपात." दाजी उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ त्या कोकराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मग हे आपल्यातलेच की. आधी नाय का सांगायचं." फादर हसले. ते म्हणाले, "त्या तासाला मुख्य हेच शिकवतो आम्ही. चुकलेल्याला शोधायचं आणि खांद्यावर घालून घरी आणायचं." दाजींनी टोपी परत घातली. "ते येतं मला," ते म्हणाले, "त्यो विषय राहू द्या मग." परतीच्या वाटेवर मोटारसायकलीवर ते मला म्हणाले की शाळा आपल्याच माणसांची आहे, आता काळजी नाही. माझी एक किरकोळ रजा त्यात खर्ची पडली.

भाचा दहावीत गेला आणि ब्राझीलपर्यंत सगळं सुरळीत चाललं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका संध्याकाळी त्याचे वर्गमित्र घरी आले. दाजींनी त्यांनाही खुर्च्यांवर बसवलं, आपण चटईवर बसले आणि एकेकाला विचारलं, आज काय शिकवलं. पोरं चांगल्या घरची, उद्धट नव्हती, पण पोरंच ती. एकमेकांकडं बघून हसली. भाच्याचे कान लाल झालेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी दाजींनी नेहमीसारखं विचारलं तर तो म्हणाला, "काही नाही." तिसऱ्या दिवशीही "काही नाही." मग सराव परीक्षा आल्या, क्लास आले, पोरगं दार लावून आत बसू लागलं. दाजी काही दिवस चटई टाकत राहिले. एकदा माझ्याकडं येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, दहावीच्या पोरांना दिवाळीनंतर खरंच काही शिकवत नाय का?"

मी म्हणालो, शिकवतात, दाजी, पण या वयात पोरं सांगत नाहीत. ते म्हणाले, "मग दहावीचं बी माझं अर्धंच राहिलं." मला फार वाईट वाटलं. माझ्याकडं दहावीचे तीन वर्ग होते, ते सगळं पुस्तक मी त्यांना सांगू शकलो असतो. पण त्यांना ते माझ्याकडून नको होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यात त्राणही नव्हतं.

भाचा चांगल्या मार्कांनी पास झाला आणि अकरावीला लातूरला गेला. फोनवर बोलणं व्हायचं ते जेवलास का, पैसे पुरतात का, एवढंच. दाजींनी आपला प्रश्न विचारणं सोडून दिलं. संध्याकाळ मोकळी ठेवायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी ज्याची त्याची रात्रपाळी घ्यायला सुरुवात केली. डोळे खोल गेले, चाल मंदावली. मला ते पहिल्यांदाच माझ्यासारखे दिसू लागले.

यंदाच्या दिवाळीत भाचा चार दिवसांसाठी आला. पाडव्याच्या दुपारी मी फराळाला त्यांच्याकडं गेलो तर दाजी रात्रपाळीहून येऊन, जेवून, भिंतीला टेकून चटईवर बसले होते. भाचा खुर्चीवर होता. मी चकलीचा तुकडा मोडला त्याचा आवाज घरभर झाला. दाजी काही विचारतील म्हणून पोरगं वाट बघतंय, हे माझ्या लक्षात आलं. ते विचारत नव्हते. शेवटी भाचाच घसा साफ करत म्हणाला, "पप्पा, आम्हाला सध्या गुरुत्वाकर्षण चालू आहे."

दाजींनी मान वर केली. "हां?" म्हणाले, आणि मांडी घालून सरळ बसले.

पोरगं सांगू लागलं. पृथ्वी दगडाला कशी ओढते, चंद्राला कशी ओढते, सांगता सांगता त्याचे हात हलू लागले, आवाज पूर्वीसारखा झाला. दाजी ऐकत होते, माना डोलावत होते. मग माना डोलावणं आणि पेंगणं यातला फरक संपला. उपग्रह वर कसा नेऊन सोडतात, इथपर्यंत धडा आला तेव्हा दाजी गाढ झोपले होते. मला वाटलं, आता पोरगं उठून जाईल. भाच्यानं फक्त आवाज खाली आणला आणि पुढं सांगत राहिला, झोपलेल्या बापाला, एकही पायरी न गाळता. पार शेवटपर्यंत सांगितलं. मग उठून पंखा एक नंबरनं वाढवला, वडिलांच्या मानेखाली उशी सरकवली आणि मित्रांना भेटायला शाळेच्या मैदानावर निघून गेला.

मीही घरी जाऊन झोपायचं ठरवलं होतं. पण पाय निघेना. चहाच्या वेळेला दाजी दचकून उठले, रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. "गेला व्हय? मी झोपलो वाटतं." त्यांचा चेहरा पडला. "कुठपर्यंत आलं होतं?"

"त्यानं धडा पूर्ण सांगितला, दाजी. तुम्ही झोपल्यावरही."

"झोपल्यावर बी?"

"शेवटपर्यंत."

ते खुर्चीकडं बघत राहिले. डोळे पुसले, ते झोपेनं पुसले असं मी धरलं. मग चटईवर जरा सरकून त्यांनी पाठ ताठ केली. अक्कानं दोन कप चहा आणून ठेवला. मी आयुष्यात सुट्टीच्या दिवशी कधी शिकवलं नव्हतं. उठलो, खुर्चीवर जाऊन बसलो आणि म्हणालो, "तर दाजी, उपग्रह वर सोडला. आता तो सारखा पडतच असतो, पण त्याला जमीन काही लागत नाही."

"का?" दाजींनी विचारलं.