पीठ फुगेपर्यंत

मी रिफायनरीतून निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या मुलाला मुलगी झाली आणि बायको दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली. सून नोकरीवर परत जाणार होती, बाळाजवळ घरचं माणूस हवं होतं. दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. मीही तिकडे जाऊन राहावं असं एकदा बोलणं निघालं होतं. पण त्या दोन खोल्यांत मी दिवसभर बसायचं कुठे, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही विषय पुढे नेला नाही.

बडोद्यातल्या हरणीच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा झाला की दुपारचा डबा येईपर्यंत मला काही काम नसे. पेपर वाचून संपायचा. एका गुरुवारी माळ्यावरून ओव्हनचं खोकं काढलं. मुलाने तो आईसाठी घेतला होता, पण ती गेल्यामुळे तसाच राहिला होता. सगळी नोकरी भट्ट्यांची तापमानं बघण्यात गेलेली, तेव्हा पाव भाजणं आपल्याला सहज जमेल असं मला वाटलं.

पहिला पाव विटेसारखा झाला. दुसरा वरून करपला आणि आत कच्चा राहिला. संध्याकाळी बायकोला फोनवर सांगितलं.

"अहो, पाव खंडेराव मार्केटजवळ ताजा मिळतो की," ती म्हणाली. मागे बाळ रडत होतं. "आणि ओटा पुसून ठेवा. मैद्याला मुंग्या लागतात."

थंडीचे दिवस होते. पीठ मळून तीन तास झाले तरी ते जिथल्या तिथे. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेन लिंबं मागायला आल्या होत्या. त्यांनी ओल्या फडक्याखाली बोट घालून पाहिलं.

"भाई, शियाळामां आथो मोडो आवे," त्या म्हणाल्या. थंडीत पीठ आंबायला वेळ लागतो. ढोकळ्याचं पीठ त्या रजईत गुंडाळून ठेवत असत.

मी कपाट उघडलं. बायकोची जुनी शाल खालच्या खणात होती. पातेलं तिच्यात गुंडाळून पलंगावर ठेवलं आणि शेजारी खुर्ची घेऊन बसलो. बसायची काही गरज नव्हती. पण घरात काहीतरी हळूहळू वाढतंय आणि आपण त्याच्यापाशी आहोत, हे बरं वाटत होतं. दुपारपर्यंत पीठ दुप्पट झालं. त्या दिवशीचा पाव चांगला झाला. वास सगळ्या घरात भरला, तेव्हा कुणाला तरी हाक मारावीशी वाटली. मग मी खिडकी उघडली.

महिनाभर हात बसवला. एका शनिवारी पहाटे भाजलेला पाव फडक्यात बांधून पुण्याची गाडी पकडली. बायकोने दार उघडलं. ती वाळली होती. कडेवर नात होती, तिने मला ओळखलं नाही. सुनेने पाव हातात घेऊन कौतुक केलं, "बाबा, खरंच तुम्ही केलात?" असं दोनदा विचारलं आणि पाव फ्रिजमध्ये ठेवला. जेवताना कुणाला आठवण राहिली नाही. मीही काढली नाही. जेवणं झाल्यावर नातीला थोपटता थोपटता बायकोला झोप लागली. मी हॉलमधल्या सोफ्यावर पडलो.

सकाळी घर झोपलेलं असताना तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तव्यावर पावाचे दोन जाड काप भाजले होते. आम्ही ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं.

"छान झालाय," ती म्हणाली. "मीठ थोडं कमी आहे."

"पुढच्या वेळी घालतो."

तिने दोन कपांत चहा ओतला. "मला इतक्यात नाही यायला जमणार. ती शाळेत जायला लागेपर्यंत तरी."

"मी काही विचारलं नाही."

"म्हणून तर सांगतेय."

तिचा हात हातात घ्यावा असं मनात आलं, तेवढ्यात आत बाळ जागं झालं आणि ती गेली. कप मी विसळून ठेवले.

बडोद्याला परतल्यावर आठवडाभर ओव्हनला हात लावला नाही. बायकोच्या सांगण्याने राग आला होता का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. राग नव्हता. आपण इतके दिवस तिच्या येण्याचीच वाट बघत होतो, आणि ते तिला ठाऊक होतं, याची लाज वाटत होती. आठव्या दिवशी पुन्हा मैदा चाळायला घेतला, कारण सकाळ जाईना.

आता दर रविवारी एक पाव करतो. भाजून झाल्यावर तो पूर्ण निवेपर्यंत कापायचा नाही, नाहीतर आतून चिकट होतो. तो तास अजूनही मला जड जातो. अर्धा पाव वर बेनकडे देऊन येतो. उरलेला अर्धा मला एकट्याला चार दिवस पुरतो. तिसऱ्या दिवशी कडक होतो, मग तव्यावर तूप सोडून भाजून घेतो.