मामांच्या गोगलगायी

माझ्या मामांइतकं गोगलगायींना गांभीर्याने घेणारं माणूस सबंध गुजरातेत सापडणार नाही. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. बागेतल्या गोगलगायी त्यांना क्षुल्लक वाटत; त्यांचा जीव खोल समुद्रातल्या, तारामाशांच्या नाहीतर समुद्रकाकडी नावाच्या काकडीसारख्या प्राण्यांच्या अंगावर फुकट राहणाऱ्या गोगलगायींवर. बडोद्याला समुद्र नाही, ही शहर वसवणाऱ्यांची चूक आहे असं त्यांचं मत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, एकटे. बडोद्यातच मांजलपूरला, आमच्याच वरच्या फ्लॅटमध्ये राहत. टेबलावर बरणीत एक तारामासा आणि त्याला चिकटलेली तांदळाएवढी पांढरी गोगलगाय. केबल आली तेव्हा सगळी सोसायटी मालिकांना लागली. मामा समुद्रतळाच्या कार्यक्रमाची वाट बघत बसले. शेजारपाजारचीही त्यांनी वर्गवारी केली होती. आमचा पेपर रोज वाचायला नेणारे तळमजल्यावरचे भाई? गोगलगाय!

“आणि तू रे दादा?” आई त्यांना सकाळचा चहा देत म्हणायची.

“मीपण. पण सुधे, चांगली गोगलगाय तारामाशाला मरू देत नाही.”

मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात एक स्थळ बघायला आलं. ‘केम छो’ला उत्तर देतानाही माझा आवाज फुटत नसे, ‘नाही’ काय म्हणणार? मुलाची आई पोहे खाता खाता म्हणाली, “लग्न दिवाळीआधीच करू. शिक्षणाचं काय, होईल नंतर. आमचा चिरंजीव माझ्या शब्दाबाहेर नाही.”

मामांचा चेहरा उजळला. वर जाऊन त्यांनी बरणी आणली आणि पोह्यांशेजारी ठेवली.

“यांच्यातच एक जात आहे, समुद्रकाकडीच्या पोटात राहणारी. मादी मोठी. नर एवढासा, तिच्या अंगातच मुरलेला. डोळे नाहीत, तोंड नाही. तिच्या शब्दाबाहेर जायचा प्रश्नच नाही!”

चिरंजिवांनी चमचा खाली ठेवला. पाहुणे चहासाठीही थांबले नाहीत.

“दादा, अरे काय केलंस हे!”

“मी? मी फक्त माहिती दिली.”

दुसऱ्या सकाळी आईने त्यांच्यापुढे कप आदळला, पण आलं नेहमीसारखंच घातलं होतं. मी न विचारता दुसरा कप भरला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बशीत चहा ओतत राहिले.

आता ते बडोद्यातच वासण्याला, सख्ख्या बहिणीच्या मुलाकडे असतात. बरणी माझ्याकडे आहे. रविवारी मी स्कूटीवरून जाते. हल्ली माझं नाव त्यांना पटकन आठवत नाही. पण दार उघडलं की आत वळून हाक मारतात,

“सूनबाई, चहा टाक गं! आली बघ आमची गोगलगाय.”